टिकून राहणाऱ्या बाईचं नाव

भरल्या सभागृहात नवी सून माइकपाशी गेली. सासऱ्यांनी दिलेल्या नावाला आपण यापुढे ओ देणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं आणि सहीसाठी पुढे केलेलं पेन टोपण लावून परत केलं. सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्यांनाच संकोच वाटला.

असं काहीही घडलेलं नाही. घरात तसं ठरलं आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सासूबाईंनी विषय काढला, मुलाने मान हलवली, आणि सासऱ्यांनी फोटोग्राफरला फोन करून कळवलं की काल त्याचा कॅमेरा बिघडला होता. एवढी माणसं एका गोष्टीवर एकमताने ठाम असताना आपण मोडता का घालावा? नाही घडलं म्हणजे नाही घडलं. आपण आपली त्याच्या बऱ्याच आधीची एक साधी सकाळ घेऊ.

त्या सकाळी सासरे पुढच्या खोलीत टेबलामागे बसले होते. घराची रचना अशी की पुढे सासऱ्यांचं टेबल, मध्ये छपाईचं यंत्र आणि मागे स्वयंपाकघर. त्यामुळे पुढे ज्ञान, मध्ये शाई आणि मागे चहा, असा तिन्हींचा वास एकमेकांत मिसळलेला असे. मागच्या दोरीवर कधी कपडे वाळत, कधी छापलेले कागद, आणि घाईच्या दिवसांत दोन्ही. एकदा सासऱ्यांच्या बनियनवर 'म' पासून सुरू होणारी मुलींची नावं उलटी उमटली होती. ते ती तशीच घालून हिंडले, कारण त्यात चूक एकही नव्हती.

सासरे नावांचे जाणकार होते. नाव कुठल्या भाषेतून आलं, वाटेत कुठे थांबलं आणि त्याचा अर्थ काय, हे सांगणारं जाडजूड पुस्तक त्यांनी रचलं होतं आणि ते याच यंत्रावर छापलं जाई. डेबोरा म्हणजे हिब्रूत मधमाशी आणि मेलिसा म्हणजे ग्रीकमध्येही मधमाशीच, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्ही माश्या यांनीच पाळल्यात. तुर्की मुलींमध्ये 'पुरे' अशा अर्थाचं नाव असतं आणि चिनी मुलींमध्ये 'भावाला बोलावणारी' अशा अर्थाचं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा हळवा होई. "बघा," ते म्हणत, "किती दूरदृष्टीची माणसं."

पुस्तकाच्या शेवटी सुनांसाठी खास विभाग होता. सून आणताना तिचं माहेरचं नाव तपासून घ्यावं आणि अर्थ घराला मानवणारा नसेल तर बदलून घ्यावं, हा सासऱ्यांचा आग्रह. गावातली निम्मी लग्नं या टेबलावरून जात.

त्या सकाळीही एक बाई आली होती. मुलाचं लग्न ठरल्याचा आनंद तिच्या चपलांनाही झाला होता, इतकी ती उंबऱ्यात चुळबुळत होती.

"काका, सून ठरली हो. तेवढं नाव बघता का?" म्हणून तिने नाव सांगितलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, चष्मा काढला. "मूळ लॅटिन. अर्थ आंधळी."

"अगबाई! डोळे तर चांगले आहेत तिचे."

"आत्ता आहेत."

बाईचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी लगेच तिला तीन पर्यायी नावं दिली. तिन्हींचा अर्थ, थोड्याफार फरकाने, गुपचूप काम करणारी. तिच्यामागोमाग एक गृहस्थ आले. मुलाचं नाव पॉल ठेवावं म्हणतोय, म्हणाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान, ठेंगणा.

"खुशाल ठेवा," सासरे म्हणाले.

"पण अर्थ ठेंगणा..."

"पुरुषाला अर्थ चिकटत नाही हो."

हे सगळं मधल्या खोलीत प्रुफं तपासत बसलेली नवी ऐकत होती. नवी म्हणजे घरातली सून. गल्लीत तिला सगळे नवी म्हणत, कारण तिच्याआधी एक होती. ती आजारपणात गेली. तिला सगळे आधीची म्हणत. दोघींमध्ये एक नवरा होता. त्याचं नाव सासऱ्यांनी फार विचारपूर्वक ठेवलं होतं आणि त्याचा अर्थ ठाम निर्णय घेणारा असा होता. त्याला चहा हवा की कॉफी हे विचारलं तर तो म्हणे, "बाबांनी काय घेतलं?"

लग्न ठरलं तेव्हा नवीचंही नाव या टेबलावर आलं होतं. सासऱ्यांनी तीन भाषांतून त्याचा माग काढला आणि शेवटी एका जुन्या भाषेत त्याचं मूळ सापडलं. अर्थ निघाला दमलेली. नवीच्या आईने खुलासा करून पाहिला की बाळंतपणात जी नर्स रात्रभर उशाशी उभी होती तिचं नाव आम्ही मुलीला दिलं. सासरे म्हणाले, "म्हणजे तीही दमलेलीच असणार. बघा, अर्थ कसा बरोबर येतो." दमलेली सून आणून कसं चालेल? दमायचं ते इथे आल्यावर. म्हणून तिला नवं नाव मिळालं. त्याचा अर्थ टिकून राहणारी.

नवं म्हणजे तिच्यासाठी नवं. आधीचीचं नावही तेच होतं.

"दुसरं शोधलं असतं मी," सासरे म्हणाले होते, "पण हे घरात रुळलेलं आहे. आणि अर्थही खोटा ठरला नाही. माणूस गेलं, नाव टिकलं."

तर नवीचा खरा संसार सुरू झाला तो नवऱ्याशी नव्हे, त्या नावाशी. फडताळातल्या एका कपावर ते लिहिलेलं होतं. टॉवेलच्या कोपऱ्यावर विणलेलं होतं. शिंप्याच्या वहीत त्या नावापुढे मापं होती आणि त्या मापांचे दोन झगे शिवून आले तेव्हा नवीला ते खांद्यात ओढू लागले. "नाव एकच तर माप वेगळं कशाला सांगायचं, असं वाटलं मला," सासूबाई म्हणाल्या. दात दुखायला लागला तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी त्या नावाची फाइल काढली, नवीच्या तोंडात डोकावले आणि गंभीर झाले.

"तुमची अक्कलदाढ मी काढली होती. परत आली?"

नवीने तोंड उघडंच ठेवून मान हलवली. काय सांगणार? त्या दिवशी पहिल्यांदा ती आधीचीवर जळली. आपल्या तोंडातसुद्धा ती आपल्याआधी येऊन गेली आहे, असं तिला वाटलं.

मग ते जळणं वाढतच गेलं. सासूबाई दोघींना एकाच नावाने संबोधत, त्यामुळे कौतुक आणि बोलणी एकाच दारातून येत. भाजी चांगली झाली की त्या डोळे मिटून ते नाव घेत आणि म्हणत, "काय हात होता हो!" होता म्हणजे आधीचीचा. भाजी करपली की तेच नाव घेऊन "कुठे लक्ष असतं गं तुझं?" असतं म्हणजे नवीचं. वर्तमानकाळात फक्त करपणं उरलं होतं.

सगळ्यांत वाईट होती नवऱ्याची हाक. यंत्र थांबवून तो आतल्या दिशेने ते नाव घेई, शेवटचं अक्षर जरा लांबवून, रोजच्या रस्त्यावर माणूस न बघता वळतो तसं. नवीला कळे की ही हाक वापरलेली आहे. जुन्या सदऱ्याच्या बाहीला कोपरापाशी बाक येतो तसा त्या हाकेला बाक आला होता, आणि तो दुसऱ्या बाईच्या मापाचा होता. ती मग पहिल्या हाकेला ओ देत नसे. तो जरा वैतागून दुसऱ्यांदा हाक मारी, आणि ती वैतागलेली हाक निदान आपली आहे, या समाधानात ती उठे.

"तुम्ही हाक मारता तेव्हा कोण येतं हो डोळ्यांपुढे?" तिने एकदा विचारलं.

नवऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "चहा."

ते मत्सर शमवण्याइतकं चांगलं उत्तर होतं, पण मत्सराला उत्तरं नको असतात, खाद्य लागतं. आणि खाद्य घरातच होतं. सासऱ्यांची पुस्तकं सुनेला खुली होती, कारण नव्या आवृत्तीची प्रुफं तीच तपासत होती. कामातून वेळ काढून ती टिकून राहणाऱ्या त्या नावाचा सगळ्या भाषांत शोध घेऊ लागली, कुठेतरी त्याचा वाईट अर्थ निघेल या आशेवर. एका भाषेत त्याच उच्चाराचा शब्द शिळं अन्न या अर्थी मिळाला तेव्हा तिचा दिवस फार छान गेला. दुसऱ्या एका बोलीत तो कुबड काढून चालणारी बकरी असा निघाला. तेव्हा तिने सासूबाईंना आपणहून डोकं चेपून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "आज काय विशेष?" नवी म्हणाली, "काही नाही, वाचन चाललंय."

पण बकरीनेही भागेना. माहेरी फोन केला तर आईसुद्धा हल्ली तेच नवं नाव घेई. "आई, तू तरी," असं ती म्हणाली, तर आई कुजबुजली, "अगं, तिकडे ऐकू जातं. सवय असलेली बरी." म्हणजे तिच्या मूळ नावाने तिला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. ज्या नावाने मारत ते होतं आधीचीचं. एरवी एकेका बाईकडे दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं, आणि इथे दोघींत मिळून एक होतं, तेही मेलेलीकडे.

यातून तिने जो मार्ग काढला तो फक्त फार जळलेल्या माणसालाच सुचतो. कागदोपत्री नवीचं नाव अजून माहेरचंच होतं. म्हणजे सरकारदरबारी टिकून राहणारी ही आधीचीच होती, मृत्यूच्या दाखल्यासकट. नवीने ठरवलं, नावच तिच्याकडून काढून घ्यायचं. रीतसर, शिक्क्यानिशी. मग तिच्याकडे काय उरेल? एक फोटो. फोटोला कोण हाक मारतं?

जेवताना तिने विषय काढला. "बाबा, हे नाव माझ्या कागदांवर चढवून टाका ना. कायमचं."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ते सुनांची नावं बदलत आले, पण सुनेने आपणहून मागितलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत?" ते सासूबाईंना म्हणाले, "याला म्हणतात वळण."

"मी म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "आधीचीने नाही हो कधी असं म्हटलं."

हे वाक्य नवीने पहिल्या बक्षिसासारखं मनात जपून ठेवलं.

सासऱ्यांनी मग गोष्ट मोठीच करून टाकली. नव्या आवृत्तीच्या प्रकाशनातच सून सर्वांसमक्ष नावबदलाच्या अर्जावर सही करील. प्रमुख पाहुणे नोंदणी कार्यालयातले अधिकारी. पुस्तक अर्पण कुणाला? टिकून राहणाऱ्या सुनेस. "म्हणजे नक्की कुठल्या?" नवीने घाईघाईने विचारलं. "दोघींना," सासरे म्हणाले, "एका ओळीत भागतं." व्यासपीठावर आधीचीचा फोटोही ठेवायचा होता, आणि पहिल्या रांगेत तिची आई बसवायची होती. "चांगलं दिसतं ते," सासरे म्हणाले.

आधीचीची आई कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळीच आली. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेली, केस घट्ट बांधलेली, बोटांना अजून नोटा मोजायची लय असलेली बाई. नवी तिला मावशी म्हणाली. नवीच्या मनात तिच्याबद्दल काही वाईट नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. लेकीच्या नावाला दुसरीच बाई ओ देते आहे, हे ऐकून हिचा चेहरा कसा होतो ते. विजयाला साक्षीदार लागतो.

सासूबाईंनी पुढच्या खोलीतून ते नाव घेऊन हाक मारली, "पाणी आण गं विहीणबाईंना."

"आले हं!" नवी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली आणि ग्लास घेऊन गेली. मावशींच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता तिने पाणी दिलं. मावशी पाणी प्यायल्या, ग्लास परत दिला आणि हातपाय धुवायला कुठे जायचं ते विचारलं.

नवीला चैन पडेना. दुपारी दोघी मटार सोलायला बसल्या तेव्हा तिनेच सुरुवात केली.

"मावशी, मघाशी तुम्हाला वाईट वाटलं असेल ना?"

"कशाचं?"

"आईंनी नाव घेतलं आणि ओ मी दिली त्याचं."

"तुलाच हाक मारली ना? मग तू नाही द्यायची तर काय मी देऊ?"

"तसं नव्हे. पण नाव तुमच्या लेकीचं."

मावशींचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"सगळेच. कपावर आहे. शिंप्याकडे आहे. दाताच्या दवाखान्यात आहे."

"ते माझ्या लेकीचं नाही, पोरी. ते या घराचं आहे. इथे आली तेव्हा मिळालं तिला. स्वयंपाकघराचा ॲप्रन देतात ना नव्या माणसाला, तसं."

नवीच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे फडताळाखाली गेले. ते काढायला तिला बराच वेळ लागला, कारण ती ते काढतच नव्हती, नुसती वाकून राहिली होती. इतके दिवस ती जिच्यावर जळत होती, जिच्यासाठी तिने जगभरच्या भाषांतून शिळं अन्न आणि बकऱ्या गोळा केल्या, तिचं ते नव्हतंच. दोघी एकाच भाड्याच्या खोलीसाठी भांडत होत्या, आणि त्यातली एक तर भांडतही नव्हती.

"मग तिचं काय होतं?" तिने खालूनच विचारलं.

"तिचा मोठा भाऊ बोलायला फार उशिरा लागला. तिला घरी आणली, पाळण्यात ठेवली, तर हा वाकला आणि एक आवाज काढला. पहिलाच. त्याला बाळ म्हणायचं होतं की तो दूध मागत होता, कुणास ठाऊक. आम्ही तेच नाव ठेवलं. इथे लग्न ठरलं, तुझ्या सासऱ्यांनी सगळे कोश पाहिले आणि म्हणाले, या नावाला मूळच नाही. कुठल्याच भाषेत अर्थ नाही. असलं नाव घरात नको."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी? म्हटलं, तुम्ही म्हणता तसं." मावशींनी एक शेंग उचलली, सोलली नाही. "सही जुळली नाही म्हणून मी भल्याभल्यांचे चेक परत पाठवलेत गं. काचेपलीकडून आरडाओरडा व्हायचा, मी ढिम्म. आणि माझ्या डोळ्यांदेखत लेकीचं नाव बदलून गेलं, तर मला 'थांबा' म्हणता आलं नाही. मूळ नाही म्हणे. मूळ समोर बसलं होतं की, बशीतली बिस्किटं खात."

नवी वर आली. "फोनवर तरी त्या नावाने बोलायचात?"

"इथलंच घ्यायचे. सासरचे ऐकतात ना."

मावशींनी हातातली शेंग तशीच परत ठेवली. मग मावशी, व्यवहार संपवताना बोलावं तशा आवाजात, म्हणाल्या, "तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मला उशिरा निरोप मिळाला. धावत गेले. खाली चौकशीच्या खिडकीत नाव विचारलं. घाईत तोंडात आलं ते आमचंच आलं. त्यांनी यादी पाहिली, म्हणाले, या नावाची पेशंट नाही. मी म्हटलं, नीट बघा. ते म्हणाले, बाई, नाहीये. आणि हे इथलं नाव मला आठवेचना, पोरी. जिभेवरच येईना. मी बाकावर बसून आठवत राहिले. एवढ्या माणसांच्या सह्या पाठ होत्या मला. आठवलं तेव्हा वर गेले. तोवर चादर ओढली होती."

यंत्राचा आवाज बंद झाला होता. शेजारच्या खोलीतून नवऱ्याने हाक मारली, शेवटचं अक्षर लांबवून. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.

"सांगा ना मला," नवी म्हणाली. "तिचं नाव."

मावशींनी ओठ तिच्या कानाशी आणले आणि सांगितलं. छोटंसं होतं. मुलाने पाळण्यात वाकून काढावं तेवढंच. आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणीही नवीला हेवा वाटला. कारण त्या नावाला अर्थ नसला तरी ते घेताना एका म्हातारीचा आवाज कापत होता. आपल्या नावासाठी कुणाचा कापेल?

ती उठून मधल्या खोलीत गेली. नवरा यंत्राची शाई पुसत होता.

"आधीचीचं लग्नाआधीचं नाव काय होतं हो?"

"हेच की."

"लग्नाआधीचं म्हणतेय मी."

त्याने फडकं खाली ठेवलं. छताकडे पाहिलं. "होतं काहीतरी. छोटं होतं. पत्रिकेवर होतं बहुतेक." आणि मग, त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "विसरलो गं."

"आणि माझं?"

"तुझं माहितीये की!" तो हसला. तोंड उघडलं. उघडंच राहिलं. शेवटी कुणीतरी परीक्षेत मदत केल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

"त्याचा अर्थ दमलेली!"

नवी म्हणाली, "बरोबर." आणि मटार सोलायला परत गेली.

पुढचं घडलेलं नाही, पण ते असं घडलं.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर पुस्तकांचा मनोरा, त्याच्या शेजारी आधीचीचा फोटो. सासऱ्यांनी तासभर भाषण केलं. ठेंगण्या पॉलपासून दोन्ही मधमाश्यांपर्यंत सगळे येऊन गेले. मग ते म्हणाले, "नाव म्हणजे घराचा पाया. आज माझी सून स्वखुशीने, पुन्हा सांगतो, स्वखुशीने..." आणि त्यांनी ते नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही.

त्यांनी पुन्हा पुकारलं. सासूबाईंनी कोपराने ढोसलं. "अगं ऊठ! तुलाच."

नवी उठली, पायऱ्या चढली आणि अर्जासमोर न थांबता माइकपाशी गेली.

"बाबा ज्यांना बोलावताहेत त्या बाई आलेल्या नाहीत," ती म्हणाली. "त्या कधीच आल्या नव्हत्या. दोन वेगळ्या बायका आल्या होत्या. एक मी. आणि एक ही." तिने फोटोकडे बोट दाखवलं आणि आधीचीचं खरं नाव घेतलं. एकदा, स्पष्ट, शेवटचं अक्षर न लांबवता.

पहिल्या रांगेत मावशींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी ही सही मागितली होती, हे खरं आहे," नवी पुढे म्हणाली. "हिच्यावर जळून मागितली होती. मला वाटायचं, हिच्याकडे सगळं आहे आणि मला उरलेलं मिळालंय. हिच्याकडे काहीच नव्हतं. ही मरताना हिची आई खाली बाकावर बसून होती, कारण बाबांनी दिलेल्या नावाची पेशंट वर होती आणि आईला शोधायची होती स्वतःची लेक."

सासरे पुढे झाले. माइक झाकायचा प्रयत्न करत ते हळू आवाजात म्हणाले, पण माइक चांगल्या प्रतीचा होता, "अगं, पण त्या नावाला अर्थ काय होता?"

"अर्थ नव्हता, बाबा. माणूस होतं."

मग तिने आपलं स्वतःचं, माहेरचं नाव सांगितलं. "अर्थ दमलेली. अगदी बरोबर आहे. यापुढे मी त्यालाच ओ देईन." पेन टोपण लावून तिने नोंदणी अधिकाऱ्यांपुढे धरलं.

अधिकारी गोंधळले होते. पेन घ्यावं तर नकार नोंदल्यासारखं होईल, न घ्यावं तर पेन जाईल. "मॅडम," त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं कुणाचं नाव बदलायचं आहे?"

"बदलायचं नाही. परत घालायचं आहे. तुमच्याकडे तसा अर्ज असतो का?"

"परत घालायचा?" अधिकाऱ्यांनी आठवून पाहिलं. "नाही. कुणी मागितला नाही कधी."

नवरा पहिल्या रांगेत उभा राहिला होता. ओठ हलत होते. ऐकलेली दोन नावं तो, विसरू नये म्हणून, पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. फार काही नव्हतं ते, पण बाबांना न विचारता केलेली ती त्याची पहिली गोष्ट होती.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. मुलाचं लग्न ठरलेली ती बाई. "काका, म्हणजे माझ्या सुनेचं आहे तेच नाव राहू दिलं तर चालेल का हो?"

सासरे खुर्चीत बसले. प्रथमच त्यांनी कुठलंही पान उलटलं नाही. "स्वतःच्या जबाबदारीवर," ते म्हणाले.

"चालेल," बाई म्हणाली आणि पुस्तक न घेता घरी गेली.

त्यानंतर नवीने नोंदणी कार्यालयात पुढील अर्ज दिला. तो आवक क्रमांक घालून स्वीकारण्यात आला असून, तो कोणत्या विभागाकडे पाठवावा याचा निर्णय व्हायचा आहे.

"महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या कार्यालयाने आजवर लग्नाच्या कारणास्तव रद्द केलेली बायकांची सर्व नावे शोधून ती मूळ मालकिणींना घरपोच परत करण्यात यावीत. नावाचा अर्थ चांगला, वाईट वा मुळीच नसणे ही बाब परतीच्या आड येऊ नये. मालकीण मयत असल्यास नाव तिच्या आईच्या हाती द्यावे व आईची पोच घ्यावी. आईही मयत असल्यास, असे प्रत्येक नाव कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी कामकाज सुरू होण्यापूर्वी, उभे राहून, एकदा मोठ्याने घ्यावे, आणि उत्तर येण्याची पुरेशी वाट पाहूनच खिडकी उघडावी. कळावे."